खदानीतल्या माणसाईची साखर

लघवी उकळाले घेतली की पह्यले आपलं तोंड बाजूले करा लागते. हे मले कोणी सांगितलं नव्हतं, पह्यल्याच दिवशी नळीतून उसळली आन गालावर आली तेव्हा समजलं. अंक काढणारे गुरुजी म्हणे, गिरजाबाई, तुमच्या कामाचं लिहा, बोलता तसंच लिहा, शुद्ध-अशुद्ध आम्ही पाहून घेऊ. म्हणून मी इथूनच सुरू करतो. माहं शिक्षण चवथीपर्यंत, तेही पुरं नाही, परीक्षेच्या आधीच लग्न ठरलं. पोरगी सुजाता आता झोपली आहे, ती उठायच्या आत जेवढं होईन तेवढं लिहून राह्यली, म्हणून कुठं थांबायच्या जागी थांबली नसंन तं तुम्हीच थांबून घ्या.

वणीकडल्या एका कोळशाच्या खदानीत दवाखाना आहे, दोन खोल्या आन एक पडवी, वर पत्रे, उन्हाळ्यात आत बसवत नाही. तिथं मी आया आहे. बाहेरच्या माणसाले वाटते खदानीचा दवाखाना म्हणजे हात तुटला, पाय चेंदला, खोकला. ते येतेच. पण नवीन डॉक्टरसाहेब आले तेव्हा त्यायनं हाजरीचं बुक घेतलं, त्याच्यात जे जे कामावरून कमी झाले त्यायची नावं काढली, आन मंग म्हणे, ज्यांना काही लागलं नाही तीच माणसं जास्त पडताहेत इथं. कोणाचा पाय चिघळला तं चिघळतच गेला, कोणाचं अर्धं अंग गेलं, कोणाले दिसेनासं झालं. चाळिशीच्या आत. डॉक्टरसाहेबाईनं ठरवलं का सहा महिन्यानं एकदा साऱ्याईची लघवी पाहाची आन साऱ्याईच्या दंडाले पट्टा बांधून रगताचा दाब पाहाचा.

खदानीत एक रीत आहे. पाळी सुटली, माणूस वर आला का त्याच्या हातावर गुळाचा खडा ठेवते. गूळ खाल्ला का गळ्यातला कोळसा पोटात उतरून निघून जाते असं सारे मानते. आन मंग ते एका खड्यावर थोडीच थांबते. चहा गुळाचा, तोही दिवसातून आठ-आठ दा, खाली बिडी पेटवाले मनाई म्हणून तोंडात सदा तंबाखू, भाकरीवर मिठाचा ठेचा, आठवड्याच्या सुट्टीले मोहाची. अंगातून घाम पाण्यासारखा जाते, म्हणून मीठ आन गूळ खा लागते असं जुने लोक सांगत. घाम जाणारा माणूस एक, इंजिनावर बसून राहणारा दुसरा, पण गूळ दोघाईले सारखा.

तं बाटल्या गोळा करून उकळायचं काम कोणाले द्यायचं यावर अडलं. कंपाउंडर वामनराव म्हणे, "मी त्या बाटल्यांना हात लावणार नाही साहेब. माझ्या घरी देव आहेत."

माह्या घरी देव नव्हते. छप्पन सालच्या दीक्षेनंतर आम्ही ते काढून टाकले होते. मी म्हटलं, मी करतो.

करायचं असं का नळीत निळं औषध घ्यायचं, त्याच्यात लघवीचे आठ थेंब टाकाचे, लाकडाच्या चिमट्यात नळी धरून स्पिरिटच्या दिव्यावर तिरपी उकळाची. निळं राह्यलं तं माणूस चांगला. हिरवं झालं तं थोडी साखर. पिवळं, नारिंगी, असं चढत जाते, आन विटेसारखं लाल झालं का खूप. मले दुसरं काही येत नव्हतं, पण रंग येत होते. महिन्याभरात डॉक्टरसाहेब मले म्हणे, तुम्ही नुसतं सांगा, मी लिहून घेतो. चवथी न झालेल्या बाईच्या तोंडचं डॉक्टर लिहून घेते हे मी माह्या मायले सांगाले घाटंजीले गेलती. माय म्हणे, काय उकळतं म्हणतं तू? मी म्हटलं, औषध.

माणसाईले मात्र या बाटलीचं भेव बसलं. साखर निघाली तं खालचं काम बंद, वर आणून झाडू नाही तं दगड वेचाले लावणार, हे एकदोघाईच्या बाबतीत झालं आन मंग सारेच हुशार झाले. हरसिंग नाईक म्हणून एक लोडर होते, म्हणजे कोळसा भरणारे, तांड्यावरचे, मोठे अंगाचे, मले याडी म्हणत, त्यायच्यात मायले याडी म्हणते. ते म्हणे, "याडी, साखर बंगल्यात राहते. आमच्या पोटात कायले येते ती?"

मी म्हटलं, "नाईक, बाटली भरून द्या, मंग पाहू कुठं राहते तं."

दिली. रंग छान पिवळा. मी आठ थेंब टाकले तं दिव्यावर धरायच्या आधीच नळी लालभडक. डॉक्टरसाहेब खुर्चीवरून उठले, म्हणे, हा माणूस चालत कसा आला? नाईक दारात उभे, त्यायचं तोंड उतरलं. मी नळी उजेडात धरली, वास घेतला, आन मले हसू आलं. तो रंग मले लहानपणापासून माहीत होता. हळदीले खार लागला का कुंकू होते, आमच्याकडं बाया तसंच करत. त्या निळ्या औषधात खार असते. नाईकनं हळदीचं पाणी भरून आणलं होतं.

मी म्हटलं, "नाईक, याच्यात मीठ टाका लागत होतं, वरण तरी झालं असतं."

त्या दिवसापासून खोटी बाटली माह्यापासून लपत नाही असं नाव झालं. बकरीची आणली तरी मी वासावरून सांगो, दोन नावाच्या बाटल्या एकाच माणसानं भरल्या असल्या तरी सांगो. माणसं मले पाहून म्हणत, पोलीसबाई आली. मले आवडे ते. आता लिहाले लाज वाटते, पण आवडे.

पट्ट्याचं उलटंच. मुस्ताकचाचा खाली सुरुंगाचं काम करत, त्यायचा दाब इतका चढलेला का डॉक्टरसाहेब पट्टा दोनदा बांधून पाहत. मीठ सोडा म्हटलं का चाचा म्हणे, "साहेब, सालन बगैर नमक का? उससे तो जेल अच्छी." पण पट्टा बांधला का त्यायले बरं वाटे. त्यायच्या मनात पक्कं बसलं होतं का पट्टा आवळला म्हणजे दाब खाली बसते, पोत्याचं तोंड आवळावं तसा. पाळी सुटली का रोज येऊन बसत, बाही वर करून. "बेटी, जरा कस के बांध." डॉक्टरसाहेब नसले तरी मी बांधो, दोनदा हवा भरो आन सोडो. ते दुवा देऊन जात. मी त्यायले कधी सांगितलं नाही का चाचा, याच्यानं काही होत नाही, हे नुसतं मापाचं आहे. कायले सांगू, माणूस खूश होऊन जाते. एक दिवस बाजारात त्यायचा अर्धा चेहरा वाकडा झाला आन तिसऱ्या दिवशी गेले. पट्टा बांधला म्हणून ते मीठ खात राह्यले. हे मी डॉक्टरसाहेबाईले बोलली नाही. मी तेव्हा नुकतीच बाळंत होऊन कामावर आलती, पोरगी पडवीत झोळीत राहे, आन मले वाटे आपल्याले येवढ्या गोष्टी मनात ठेवाले जागाच नाही.

आता आमचं सांगतो.

सुजाताचे बाबा, म्हणजे माहे मालक नामदेव, डोलीवर होते. डोली म्हणजे लोखंडी पिंजरा, त्याच्यात दहा-दहा माणसं उभी राहते आन तो दोरखंडावर खाली जाते, वर येते. दोरखंड वर इंजिनघरातल्या मोठ्या चाकावर गुंडाळते. ते इंजिन चालवणारा म्हणजे डोलीचा खलाशी. खालून घंटीचे ठोके येते. दोन ठोके म्हणजे खाली सोड, तीन म्हणजे माणसं चढून राह्यली, जपून. खलाशाच्या समोर परातीएवढी तबकडी, तिच्यावर काटा फिरते, डोली कुठं आली ते त्याच्यावरून समजते. काटा शेवटच्या खुणेवर आला का वाफ बंद, ब्रेक. वेळेवर थांबवली नाही तं खाली आदळंन, नाही तं वर चाकाले जाऊन भिडंन. दारावर पाटी आहे, खलाशासोबत बोलू नका.

ते आधी सात-आठ वर्षं तेल पुसत होते त्याच घरात. मंग त्यायले इंजिनावर बसवलं. आमच्यातला पह्यला माणूस. तेव्हा काही जण म्हणत, याच्या हातानं खाली उतरायचं का आता? दोन-तीन दिवस एक टोळी शिडीनं उतरली, येवढी खोल, रुसून. मंग शिडीनं पाय दुखले आन गपचूप डोलीत चढले. आम्हाले नळाजवळची खोली भेटली. वस्तीतले लोक पाहुणा आला का त्याले इंजिनघर दाखवाले नेत, लांबून, खिडकीतून. म्हणत, पाहा, सारी खदान नामदेवच्या हातात आहे.

हे इतकं कायले सांगतो, तं मी जे केलं ते काहून केलं हे समजावं म्हणून. सुटका व्हावी म्हणून नाही.

इंजिनवाल्याची आन सुरुंगवाल्याची तपासणी डॉक्टरसाहेब स्वतः समोर बसून पाहत, नऊ वाजता. त्या दिवशी सुजाताच्या बाबाची तपासणी होती. सकाळी सात वाजताच त्यायनं बाटली आणून फळीवर ठेवली आन कामावर गेले. जातांनी बाटलीकडं पाहत उभे राह्यले जरासे. वामनराव पोस्टात गेलते. मी एकटी. मले राहवलं नाही. मी आधीच उकळून पाह्यली.

वीट. नवी भाजलेली वीट असते तशी.

मी म्हटलं औषध खराब झालं असंन. दुसरी नळी घेतली. वीट. आता मले सारं आठवाले लागलं, रात्री चार-चार दा उठणं, माठ रिकामा होणं, सदरा ढिला होणं, आन मोरीत मुंग्याईची रांग, मी ती राख टाकून मोडो. साऱ्या खदानीले सांगणारी बाई मी, आन घरच्या मोरीत राख टाकत होती.

पण तेव्हा माह्या मनात ते नव्हतं का यायले काय झालं. माह्या मनात येवढंच होतं का आज नऊ वाजता हे उतरणार. आन लोक म्हणणार, आम्ही सांगत नव्हतो? यायच्यानं होत नाही. मी बाटली मोरीत ओतली, धुतली. दुसऱ्या कोणाची घ्यावी तं कोणावर भरवसा नाही, सारे गूळ खाणारे. मले वाटलं माही घ्यावी. मी एकवीस वर्षाची, मी गूळ खात नाही, चहा एकदा. माह्या हातून येवढ्या बाटल्या गेल्या पण माही मी कधी उकळली नव्हती, तिची गरज काय असं वाटे. दवाखान्याच्या मागं जाऊन बाटली भरून आणली. त्यायच्या नावाची चिठ्ठी वर तशीच होती.

नऊ वाजता डॉक्टरसाहेब समोर बसले. मी आठ थेंब टाकले, दिव्यावर धरली, आन निळं राहीन म्हणून पाहून राह्यली तं निळं हललं. हिरवं झालं. हिरव्याच्या बुडाशी पिवळं बसलं.

मी नळी चिमट्यासकट साहेबाईपुढं धरली.

डॉक्टरसाहेब म्हणे, "थोडी आहे. गूळ बंद करायला सांगा, भात कमी. आत्ता कामावर राहू द्या, पंधरा दिवसांनी परत पाहू."

मी घरी गेली आन त्यायले सांगितलं, थोडी आहे, चालते म्हणे. ते म्हणे, "चालते म्हणे?" मी म्हटलं, हो. ते म्हणे, "बरं." आन जेवले.

तिथून पुढचे दिवस मी कसे काढले ते मले धड सांगता येत नाही. एक भेव होतं त्याचे दोन झाले. यायले साखर आहे, खूप आहे, हे मले माहीत, त्यायले माहीत नाही, डॉक्टरले माहीत नाही. आन मलेही आहे, हे कोणालेच माहीत नाही. मी रोज सकाळी लवकर जाऊन आपली उकळाले लागली. रोज हिरवी. कडूलिंबाचा पाला खाल्ला, मेथी खाल्ली, कारल्याचा रस पेली, जेवण अर्ध्यावर आणलं. हिरवीच. त्यायच्या ताटातला भात काढला, गूळ फडताळाच्या वर ठेवला, त्यायनं एका शब्दानं विचारलं नाही. दिवसा दवाखान्यात बसली का इंजिनाची शिटी झाली तरी दचको, नाही झाली तरी दचको. डोली वर येतांनी आवाज येते, घरघर घरघर, मंग बंद. तो बंद झाला का माहा श्वास सुटे, मंग दुसरी खेप.

एक दिवस सुजाताले पाजून राह्यली होती आन मनात आलं, हे माह्या दुधातून हिच्या अंगात जाऊन राह्यलं असंन. येवढीशी पोरगी, पाच महिन्याची. मी तिले ओढून बाजूले केली. त्या दिवसापासून अंगावरचं बंद. शेजारच्या गोंडीणबाईची बकरी होती, तिचं दूध पाण्यात घालून चमच्यानं पाजो. पोरगी रडे, माहं अंग ठणके, छाती दगडासारखी झालती, मी फडकं घट्ट बांधून फिरो. आन नळी पाह्यली तं हिरव्याची आणखीच पिवळी. मले वाटलं आता झालं, मी काही वाचत नाही.

चौथ्या दिवशी पोरीले हगवण लागली. डोळे खोल गेले, टाळू बसली. मी तिले घेऊन पळत दवाखान्यात गेली, काम म्हणून नाही, माय म्हणून, रांगेत पुढं घुसून. डॉक्टरसाहेबाईनं पोट दाबून पाह्यलं, म्हणे, "हिला काय पाजता?"

"बकरीचं."

"का? तुम्हाला दूध नाही?"

छातीवरचं फडकं ओलं होतं, त्यायले दिसलंच.

"गिरजाबाई, दूध आहे तर का देत नाही?"

मी म्हटलं, "मले साखर आहे जी."

"कोणी सांगितलं?"

"नळीनं."

मंग माह्यानं थांबवलंच नाही. सारं सांगून टाकलं, उभ्या उभ्या, वामनरावच्या समोर, बाकड्यावरच्या माणसाईच्या समोर, खाली पाहून, एका दमात. डॉक्टरसाहेब हसले नाही, रागावलेही नाही. पोरीले माह्या हातात देल्लं आन म्हणे, "आधी हिला पाजा. आत्ता, इथं." आन पडवीतल्या माणसाईले बाहेर काढलं.

मी पाजाले बसली तसं ते पाठ करून उभे राह्यले आन सांगाले लागले. म्हणे, अंगावर पाजणाऱ्या बाईच्या दुधाची साखर असते, ती तिच्या लघवीत उतरते. हे निळं औषध साखर ओळखतं, कुठली साखर ते ओळखत नाही. पाजणं बंद केलंत तर जास्त उतरणारच. तुम्हाला काहीही झालेलं नाही. पोरीला झालं ते बकरीच्या दुधातल्या कच्च्या पाण्यानं.

मी रडून राह्यली होती. मले वाटलं आता संपलं. तं ते वळले आन म्हणे, "मग नामदेवची बाटली कसली होती?"

मी म्हटलं, "वीट."

"दिवस किती झाले?"

मी बोटावर मोजले. अकरा.

त्यायनं टोपी घेतली. वामनरावले दुसऱ्या खलाशाले घरून उठवून आणाले पळवलं आन स्वतः इंजिनघराकडं निघाले, मी मागून, पोरगी अंगाले लावलेली. पह्यली पाळी सुटाची वेळ होती. आम्ही दारात गेलो आन घंटी वाजली. तीन ठोके. खाली माणसं चढली होती. आता सुजाताच्या बाबाले हाक मारता येत नव्हती, उठवता येत नव्हतं. डॉक्टरसाहेब पाटीखाली थांबले. मी पह्यल्यांदाच इतक्या जवळून पाहून राह्यली होती.

सुजाताचे बाबा वाफ सोडून बसले होते. काटा समोर होता, फिरत होता, आन ते काट्याकडं पाहतच नव्हते. तोंड खिडकीकडं. डावा हात इंजिनाच्या खांबावर पालथा ठेवलेला, आन ओठ हलत होते. मी आधी म्हटलं मनात काही म्हणत असंन. मंग मले ऐकू आलं, ते मोजून राह्यले होते. इंजिनाचा एकएक दणका. अडतीस, एकोणचाळीस, चाळीस. डॉक्टरसाहेबाईनं माह्या दंडाले धरलं, जोरात, त्यायले भान नव्हतं. एका आकड्यावर सुजाताच्या बाबानं वाफ तोडली, पुढच्यावर ब्रेक दाबला. डोली जागेवर लागली, इतकी अलगद का दहातला एकही माणूस हलला नाही. दार उघडून हसत बाहेर आले, कोणी कोणाच्या पाठीत बुक्की मारली, कोणी म्हणे, चाल रे, गूळ संपंन.

दुसरा खलाशी धावत आला. डॉक्टरसाहेब आत गेले.

"नामदेव, काटा कितीवर आहे आत्ता?"

ते उभे राह्यले. काट्याकडं पाह्यलं, डोळे बारीक केले, मंग खाली पाह्यलं. म्हणे, "दीड महिना झाला साहेब. सकाळी जरा दिसते, दुपारी धुरकट होते सारं."

"आणि सांगितलं नाहीस?"

"बाटली देल्ली होती ना, साहेब. तोंडानं सांगायची हिंमत नाही झाली. म्हटलं नळीत निघंनच, मंग तुम्हीच उतरवसान. तुम्ही म्हटलं थोडी आहे, चालते." त्यायनं हात पुसले. "मी म्हटलं, डॉक्टर म्हणते चालते तं चालते."

मी म्हटलं, "ती माही होती जी."

त्यायले एकदम समजलं नाही. मंग समजलं. माह्याकडं पाह्यलं नाही, पोरीकडं पाह्यलं. दुसऱ्या खलाशाले म्हणे, ब्रेक जरा कडक आहे आज, आन खाली उतरून घराकडं गेले, भिंतीले हात लावत लावत. येवढ्या दिवसात मले ते कधी दिसलं नव्हतं, ते भिंतीले हात लावून चालते म्हणून.

आठ दिवस ते बोलले नाही माह्यासंग. नवव्या दिवशी बोलले तं येवढंच म्हणे, "तू मले विचारलं असतं तं."

डॉक्टरसाहेबाईनं मले बाटल्यावरून काढलं, दोन महिने फरशी पुसली मी. मंग वामनराव बाटल्या पाहाले तयार झाले, देव असून, पण त्यायले हिरवं आन पिवळं ओळखू येईना, म्हणून मले परत बसवलं. आता इंजिनवाल्याची बाटली डॉक्टरसाहेब आपल्या समोर भरवून घेते, दाराबाहेर उभे राहून. तो नियम माह्यामुळं झाला. सुजाताच्या बाबाले आता दिवाघरात ठेवलं आहे, खाली जाणाऱ्याईचे दिवे पुसून देणं, परत घेणं, ते हातानं चाचपून होते. नळाजवळची खोली गेली. रोज सकाळी मी सुई उकळतो आन त्यायच्या मांडीत साखरेचं औषध टोचतो, ते औषध आम्ही ओल्या वाळूतल्या माठात ठेवतो, उन्हाळ्यात दोनदा पाणी शिंपा लागते. डोळे जेवढे गेले तेवढे गेले. पायाले जखम होऊ नये म्हणून मी रोज त्यायचे तळवे पाहतो, बोटाच्या मधात सुद्धा. ते म्हणते, काय शोधतं रोज? मी म्हणतो, काही नाही.

गूळ अजून वाटते खदानीत. डॉक्टरसाहेब भांडून भांडून थकले. आता येवढं झालं का ज्याच्या नळीत रंग आला त्याले गुळाऐवजी फुटाणे देते, आन तो ते फुटाणे दुसऱ्याले देऊन त्याचा गूळ घेते.

हे लिहू का म्हणून मी यायले विचारलं. मले वाटलं नाही म्हणतीन. ते म्हणे, "लिही. माहं नाव घालून लिही. अर्ध्या लोकाईले वाटते मी पिऊन होतो म्हणून उतरवलं." मंग म्हणे, "तुहंही घाल."

म्हणून घातलं. हा अंक खदानीच्या वाचनालयात येते, आन कोणी ना कोणी तो पडवीत बसून मोठ्यानं वाचंन हे मले माहीत आहे. हरसिंग नाईक ऐकतीन, तुम्ही सारे ऐकसान. त्या अकरा दिवसात पह्यल्या पाळीले जे जे डोलीत चढले, त्यायले मी सांगून राह्यली. तुम्हाले खाली-वर करणाऱ्या माणसाले दिसत नव्हतं, आन त्याले तिथं मी बसवून ठेवलं होतं. काही झालं नाही, हे माहं नाही, त्यायच्या मोजण्याचं आहे. ज्याले बोलायचं आहे त्यानं येऊन बोलावं, घरी त्यायच्यापाशी जाऊ नये. दवाखाना सकाळी सातले उघडते. मी तिथंच असतो.